कांदाटीला निघालीस तर

अवघड क्षेत्रातली शाळा मिळाली म्हणून तू रडलीस, असं तुझ्या आईनं कळवलं. रडून झालं असेल तर आता काकाचं ऐक. त्याच कांदाटी खोऱ्यात मी पाच पावसाळे काढले आहेत, आणि पुढे लिहितो त्यातलं निम्मं मला तिथल्या म्हाताऱ्यांनी शिकवलं. डीएडला यातलं काही नव्हतं.

गावाचं नाव पूर्ण सांगायची सवय लाव. नुसतं दरे म्हणू नकोस, ‘दरे तर्फ तांब’ म्हण. पिंपरीसुद्धा तर्फ तांब. नुसतं पिंपरी म्हणालीस तर कोणीही तुला पुण्याच्या एसटीत बसवून देईल. शिवाय कागदावर गाव एक असलं, तरी जमिनीवर त्याच्या तीन-चार वाड्या असतात आणि दोन वाड्यांच्या मध्ये ओढा असतो. आपली शाळा कुठल्या वाडीत आहे, हे लाँचवाल्याला आधीच विचारून घे.

म्हातारी माणसं वाट सांगतील तेव्हा गोंधळशील. ‘जुन्या आंब्यापासून वर ये,’ म्हणतील. तो आंबा केव्हाच पाण्याखाली गेला. कोयनेचं धरण 1964च्या सुमाराला पुरं झालं, शिवसागर जलाशय भरला, सुपीक जमीन बुडाली आणि वाड्या डोंगरावर सरकल्या. पण त्यांच्या डोक्यातला नकाशा अजून तळाशीच आहे. हसू नकोस, वहीत उतरवून घे. ते दुसरीकडे कुठे लिहिलेलं सापडायचं नाही.

जनगणनेचं काम आलं की वयाचाही असाच घोळ होईल. ‘जन्म कधीचा?’ असं विचारूच नकोस. ‘पाणी आलं तेव्हा केवढे होता?’ असं विचार, नाहीतर ‘भूकंपात कुठे होता?’ असं. 11 डिसेंबर 1967ची ती पहाट कुणी विसरलेलं नाही. कोण पाळण्यात होतं, कोण गुरं सोडवायला धावलं, सगळं सांगतात. त्यावरून साल काढायचं.

आता पाण्याचं. पलीकडे जायचं असेल तर सकाळीच जा. दुपारनंतर वारं उठतं, आणि वळवाच्या दिवसांत तर काळं आभाळ डोंगराआडून कधी पुढे येतं ते कळतही नाही. लाँचवाला ‘आज नको’ म्हणाला तर वाद घालू नकोस, मग मीटिंग कुणाचीही असो. त्याला पगारपत्रक कळत नाही, पाणी कळतं.

पाण्याहून मला धास्ती गाळाची. हिवाळ्यापासून जलाशय उतरायला लागतो आणि काठाची जमीन उघडी पडते. लोक तिच्यावर गाळपेर करतात. दिसायला ती अंगणासारखी सपाट. वर वाळून भेगा पडलेला पापुद्रा आणि खाली लोणी! पहिल्याच वर्षी लाँच चुकायला नको म्हणून मी सरळ काठाकडे निघालो आणि मांडीपर्यंत गेलो. एक पाय उपसावा तर दुसरा आणखी खाली जाई. गुरं वळणाऱ्या एका पोरानं बांबू टाकला आणि ओरडला, ‘गुर्जी, झोपा! आडवं व्हा!’ चौथीतला मुलगा होता. मी त्या राडीत पोटावर पडलो, बांबू छातीखाली घेतला आणि पालीसारखा सरकत बाहेर आलो. चपला अजून तिथेच असतील. तेव्हा लक्षात ठेव: गुरांचे ताजे खूर जिथे उमटलेत तिथूनच चालायचं. म्हैस जिथे थबकते तिथे आपणही थांबायचं. आणि काठाकडे जाताना कुणाला तरी हाक मारून सांगून जायचं. रोज. त्या दिवशी मी सांगून गेलो नव्हतो. पोरगा तिथे होता हे माझं नशीब.

पावसाबद्दल काय सांगू? शेजारच्या महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. अंजनी, पिसा, जांभूळ यांच्या दाट रानात वरचा पाऊस थांबला तरी झाडांखालचा थांबत नाही. छत्री चार दिवसांत मोडते. घोंगडीची खोळ घे. ती भिजली की जड होते, पण अंगाला ऊब राहते. काडेपेटी झाकणाच्या बरणीत तांदळात खुपसून ठेव. मीठ, खडू आणि जनरल रजिस्टर या तिन्हींना चुलीची धग मिळाली पाहिजे. ओला खडू फळ्यावर उमटत नाही, आणि ओलं रजिस्टर तपासणीला काय उत्तर देईल ते तूच बघ. सरपण मे महिन्यातच भरून घे. मागायला गेलीस तर लोक देतात, पण जुलैत मागायला जाऊ नये.

जळवांना घाबरू नकोस. ओढू मात्र नकोस. नख तोंडापाशी सरकवलंस की सुटते. रक्त बराच वेळ वाहतं, दाबून धरलं की थांबतं.

सापाचं नीट वाच. जमिनीवर झोपायचं नाही, खाट आणि मच्छरदाणी पहिल्या दिवसापासून हवी. मण्यार रात्री अंथरुणात येते आणि तिचा दंश बऱ्याचदा कळतही नाही. पहाटे एखाद्या पोराच्या पोटात दुखायला लागलं, पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, गिळता येईना, तर अजीर्ण म्हणून ओवा देत बसू नकोस. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हात-पाय हलू न देता उचलून होडीत घालायचं आणि लस मिळेल त्या दवाखान्यात पोचवायचं. त्यासाठी कुणाकडे इंजिनाची होडी आहे, तिच्यात डिझेल आहे का, हे पहिल्या आठवड्यातच विचारून ठेव. लोक आधी देवाला कौल लावायला निघतील. त्यांच्याशी भांडू नकोस. एकानं कौल लावावा, बाकीच्यांनी होडी सोडावी, असं सांग. माझं ऐकलं होतं.

करवंदं-जांभळांच्या दिवसांत वळणावर खोकायचं, काठी आपटायची. अस्वलाला दचकवलेलं आवडत नाही. गव्याला वाट द्यायची. बिबट्याला तुझ्याशी बहुधा काही काम नसतं.

शाळेच्या खोलीचा कूड फुटला तर हिरवी कारवी तोडू नकोस. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि बी गळलं की वाळून मरते. वाळलेलीच काठी कुडाला टिकते, हिरवीला कीड लागते. आणि तोडण्याआधी वनखात्याच्या माणसाला विचार. 1985पासून कोयनेचं अभयारण्य आहे, 2010पासून व्याघ्र प्रकल्प. कुठून काय घेता येतं, याची हद्द गावाला तोंडपाठ असते. नव्या मास्तरणीला नसते.

जेवणाचं तुला काही सांगत नाही. नाचणीची भाकरी आवडायला लागेल.

एक काम मात्र माझं आहे. पिशवीत कागदात गुंडाळून एक कंदील दिला आहे. बदली झाली त्या रात्री ओढ्यापलीकडच्या आजींनी तो हातात दिला होता, ‘लाँचवाल्याबरोबर परत पाठवा’ म्हणाल्या होत्या. राहून गेलं. काच नवी बसवली आहे, वातही. आजी आता नसतील, त्यांच्या सुनेला दे. उशीर का झाला असं विचारलं तर गुर्जी चुकले म्हणून सांग. आणि ओढा ओलांडायच्या आधी अलीकडच्या घरात सांगून जा.