निवळ पाणी व निर्दोष पाणी

पाणी निवळ दिसलें म्हणजे तें निर्दोष, अशी पुष्कळांची समजूत असते. ती घातक आहे. १८८४ सालीं कॉख नांवाच्या जर्मन वैद्यानें कलकत्त्यांत पटकीचे जंतु एका तळ्याच्या पाण्यांत शोधून काढले. तेंच पाणी लोक पीत असत. पेठ वडगांव ज्या हातकणंगले तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांतील इचलकरंजी येथें २०१२ सालीं पिण्याच्या पाण्यांत सांडपाणी मिसळून काविळीची सांथ पसरली व कित्येक माणसें दगावलीं.

रोगाचें बीज पाण्यांत येतें कोठून? उघड्यावरील विष्ठा मातींत मिसळते व पावसाबरोबर विहिरींत उतरते. विहिरीलगतच्या शौचकूपांतील मैलाही जमिनींतून झिरपतो.

प्रत्येक रोगाचा जंतु निराळा शोधणें कठीण असतें. म्हणून विष्ठेबरोबर येणाऱ्या जंतूंचा माग काढितात. खुरांच्या खुणा दिसल्या म्हणजे शेतांत गुरें शिरलीं असें आपण ओळखतों, तसेंच हें आहे. ह्याकरितां ग्वाल्हेर येथील संशोधकांनीं १९८२ सालीं एक सोपी रीत प्रसिद्ध केली. लहान बाटलींत औषध लाविलेला कागद असतो. पाणी दूषित असल्यास जंतूंपासून गंधकयुक्त वायु निघतो, व औषधांतील लोहाशीं मिळून पाणी काळें होतें.

परीक्षा करणारानें प्रथम साबणानें हात धुवावे. हातपंप दोन-तीन मिनिटें चालवून मगच पाणी घ्यावें. बाटलीच्या तोंडास अथवा झांकणाच्या आंतील बाजूस बोट लावूं नये. खुणेपर्यंत पाणी भरून बाटली उबदार जागीं ४८ तासपर्यंत ठेवावी. नंतर तींत ब्लीचिंग पावडर घालून, मुलांपासून दूर, ती रिकामी करावी.

ही बाटली रोगाचें नांव सांगत नाहीं. काविळीचें विष तर जंतूंहूनही सूक्ष्म असून तें तींत कळत नाहीं. परंतु ज्या मैल्याबरोबर तें येतें त्याची सूचना मिळते. कधीं मातींतील निरुपद्रवी जंतूंनींही पाणी काळें होतें, म्हणून नमुना प्रयोगशाळेंत पाठवावा. तोंपर्यंत पाणी खळखळ उकळूनच प्यावें, ग्रामपंचायतीस कळवावें व मैला कोठून येतो तें शोधावें.

पाणी काळें झालें नाहीं, तरी एका परीक्षेवर वर्षभर विसंबूं नये. पावसाळ्यापूर्वीं एकदां व पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हां परीक्षा करावी. तान्ह्या मुलास आपल्या ओंजळींतील पाण्याची पारख करितां येत नाहीं. ती आपणच केली पाहिजे.