वाचवायला गेलेल्यांनी परत कधी यावं?

निवृत्त होईपर्यंत मी नागपूरच्या सदरमधल्या एका शाळेत इतिहास शिकवला. वर्गात कामठीच्या गार्ड्स सेंटरमधल्या आणि वायुसेनानगरातल्या फौजींची मुलं असत, मंगळवारी बाजारातल्या दुकानदारांचीही असत. युद्धाचा धडा आला की कोणी ना कोणी हात वर करायचंच. "मॅडम, दुसऱ्या देशात लोकांना मारून टाकत असतील, तर आपलं सैन्य तिथं जायला पाहिजे की नाही?" पाठ्यपुस्तकात याचं उत्तर नव्हतं. पण ज्यांच्या वडिलांना उद्या हुकूम येऊ शकतो, अशा मुलांसमोर गुळमुळीत बोलून भागत नाही. वाचून, लोकांना विचारून, वाद घालून जे हाती लागलं ते मांडते.

१. हा प्रश्न आधी आपल्याच गावाला विचारावा.

सदरच्या रेसिडेन्सी रोडवरून रोज हजारो गाड्या जातात. भोसल्यांच्या दरबारी बसवलेल्या इंग्रज रेसिडेंटची आठवण त्या रस्त्याच्या नावात उरली आहे. इंग्रजांची फौज इथे रक्षणासाठीच आली होती. पेंढाऱ्यांचा उपद्रव खोटा नव्हता, त्यांनी खेडीच्या खेडी जाळली होती. १८१६च्या मे महिन्यात अप्पासाहेब भोसल्यांनी तैनाती फौजेचा तह केला. फौज कंपनीची आणि खर्च नागपूरच्या तिजोरीतून. दीड वर्षातच, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ला, सीताबर्डीच्या टेकड्यांवर भोसल्यांचं सैन्य त्याच रक्षकांशी लढलं आणि हरलं. १८२१मध्ये कामठीची छावणी वसली. १८५३च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले, पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केलं आणि भोसल्यांचे हत्ती-घोडे, जडजवाहीर लिलावात निघालं. पेंढारी त्याच्या कितीतरी आधी संपले होते. ते संपवायला आलेली फौज मात्र १९४७पर्यंत हलली नाही.

म्हणून कोणी बलाढ्य देश "आम्ही तुम्हाला वाचवायला येतोय" म्हणाला की नागपूरकराने पहिल्याच दिवशी विचारावं: परत कधी जाणार, आणि खर्च कोणाच्या माथी?

२. तरीही "आपल्याला काय त्याचं" हे उत्तर होत नाही.

माझी पहिली नोकरी गडचिरोलीकडे होती. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने तिथे, आजच्या चामोर्शी-मुलचेरा भागात, जमिनी देऊन वसवलं. घरामागे तळं, तळ्यात मासे, अंगणात तुळस. तिथल्या एका आजीबाई खुलनाकडच्या. १९६४च्या दंगलीत घर सोडलेलं. एकदा त्यांनी काडी घेऊन अंगणाच्या मातीत आपलं जुनं घर आखून दाखवलं: हा गोठा, ही विहीर, इथे नाव बांधायची, इथे सासऱ्यांना मारलं. मी १९७१च्या विजयाबद्दल काहीतरी बोलले, तर त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी कुठं होतं तुमचं सैन्य?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही. सार्वभौमत्व, सीमा, आंतरराष्ट्रीय कायदा हे सगळं मी शिकवलं, ते मोलाचं आहे असंच मानते. पण मातीतल्या त्या रेघांसमोर ते पुरत नाही. रवांडात १९९४च्या एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे सुमारे अडीच हजार सैनिक तिथे हजर होते. सुरक्षा परिषदेने ते वाढवायचे सोडून जेमतेम २७० ठेवायचं ठरवलं. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. न जाणं हाही एक निर्णय असतो आणि त्याचीही किंमत मोजली जाते. ती मोजणारे दूर असतात, एवढंच.

३. हेतू धुतल्या तांदळासारखा असण्याची वाट पाहत बसू नये.

१९७१मध्ये पूर्व बंगालमधून एक कोटीच्या आसपास निर्वासित भारतात आले. त्रिपुरात तर मूळ रहिवासी आणि आलेले लोक जवळजवळ बरोबरीला आले. त्यांना परत पाठवायचं होतं, पाकिस्तान दुबळा करायचा होता, आणि माणसं वाचवायचीही होती. तिन्ही खरं. बंगाली बंडखोरांच्या मुक्तिवाहिनीला आपण आधीपासून शिकवत होतो, शस्त्रं देत होतो. ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ला केला आणि उघड युद्ध पेटलं. सुरक्षा परिषदेत आपले प्रतिनिधी समर सेन यांनी पूर्व बंगालच्या जनतेला यातनांतून सोडवणं हाच हेतू असल्याचं सांगितलं. जगाला ते पटलं नाही. ७ डिसेंबरला आमसभेत युद्ध थांबवा आणि सैन्य मागे घ्या, या ठरावाच्या बाजूने १०४ देश होते, विरोधात ११. फळ्यावर हे आकडे लिहिले की मुलं गप्प व्हायची. आपण विजय दिवस साजरा करतो त्या युद्धाच्या विरोधात एवढं जग होतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसे.

मी त्यांना पुढचं सांगायची. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि १२ मार्च १९७२ला भारतीय सैन्याने ढाक्यात निरोपाचं संचलन केलं. तीन महिनेही झाले नव्हते. निर्वासितांतले बहुतेक परत गेले. आत शिरण्याबद्दल शंभर वाद घाला, पण सत्ता बंगाली लोकांच्या हाती देऊन आपण निघून आलो. माझ्या लेखी त्या मोहिमेच्या बाजूने याहून मोठा पुरावा नाही.

४. ठरवणारे वेगळे आणि जाणारे वेगळे.

त्याच युद्धात आगरतळ्याजवळ गंगासागरला १४ गार्ड्सचा लान्स नाईक अल्बर्ट एक्का लढला. जखमी असताना त्याने शत्रूची मशीनगन बंद पाडली आणि तिथेच गेला. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. गुमला भागातला आदिवासी शेतकऱ्याचा मुलगा. सैन्य पाठवा म्हणून हिरिरीने बोलणाऱ्या प्रत्येकाने कामठी रोडने जाताना एकदा त्याची आठवण काढावी.

५. वाचवायला गेलेलं सैन्य कुणाच्या तरी बाजूने उभं राहतंच.

इथे मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण माझा धाकटा भाऊ महार रेजिमेंटमध्ये होता आणि श्रीलंकेत होता. पत्रावर गावाचं नाव नसे, फक्त 'द्वारा ५६ ए.पी.ओ.'. आई विचारायची, "हे छप्पन कुठं आहे बाप्पा?"

सुरुवात मदतीनेच झाली होती. जाफनाची कोंडी झाली तेव्हा ४ जून १९८७ला आपल्या विमानांनी तिथे सुमारे २५ टन मदत टाकली. २९ जुलैला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला आणि शांतिसेना गेली. ज्यांच्या जिवाचा प्रश्न होता त्या तमिळ माणसांची त्या करारावर सही नव्हती. ऑक्टोबरात तमिळ बंडखोरांच्या एलटीटीईशी लढाई जुंपली. ऐन दिवाळीत जाफनाच्या इस्पितळात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मिळून साठाहून अधिक माणसं मारली गेली. आतून गोळीबार झाला असं सैन्याचं म्हणणं, वाचलेल्यांचं म्हणणं अगदी वेगळं. महिन्याभराने, २५ नोव्हेंबरला, ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागलेली असताना समोरच्या अतिरेक्याची रायफल हिसकावून लढले आणि गेले.

भाऊ सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला, "ताई, सुरुवातीला बायकांनी आम्हाला हार घातले. पुढं त्याच गल्लीत आम्ही सुरुंगाच्या भीतीनं रस्ता सोडून कडेकडेनं चालायचो, आणि कोणी पाणीसुद्धा विचारत नव्हतं." जवळपास बाराशे जवान गमावून मार्च १९९०मध्ये शांतिसेना परतली. मद्रासला स्वागतासाठी मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. त्या बाराशे जणांना पूर्ण मान मिळायला हवा आणि इस्पितळातल्या मृतांना खरी चौकशी. एक मागितलं की दुसऱ्याचा अपमान होतो, हे मला कधीच मान्य झालं नाही.

६. परवानगी ज्या कामाची, तेवढंच काम.

लिबियात मार्च २०११मध्ये सुरक्षा परिषदेने नागरिकांच्या रक्षणासाठी बळ वापरायची मुभा दिली. भारत तटस्थ राहिला. नाटोची विमानं रक्षणावर थांबली नाहीत. ऑक्टोबरात गद्दाफी मारला गेला, नंतर देशाची शकलं झाली. पुढे सीरियातली माणसं हाका मारत होती तेव्हा लिबियाचं नाव घेऊन अनेकांनी हात वर केले. मर्यादा ओलांडणाऱ्याने पुढच्या कित्येकांची मदत अडवली.

७. लवकर निघणं आणि वाऱ्यावर सोडणं यात फरक आहे.

पहिल्या मुद्द्यावरून कोणी म्हणेल, मॅडमचं सगळं लक्ष परतीच्या तारखेवर. तसं नाही. लायबेरियात २००७ साली भारताने केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या महिलांची तुकडी पाठवली, १२५च्या आसपास. अशा तुकड्या एकामागून एक २०१६पर्यंत तिथे राहिल्या. रात्रीची गस्त घातली, आणि बायका तक्रार घेऊन पोलिसांकडे येऊ लागल्या. तिथलं सरकार हवं म्हणत होतं, म्हणून नऊ वर्षं जड झाली नाहीत. उलट सुदानच्या दारफूरमधून संयुक्त राष्ट्रांची आणि आफ्रिकन संघाची शांतिसेना २०२०च्या अखेरीस उठली. तिथले विस्थापित जाऊ नका म्हणत होते. २०२३मध्ये युद्ध पेटलं, आणि दीड वर्षाच्या वेढ्यानंतर २०२५च्या ऑक्टोबरात तिथलं एल फाशेर शहर पडलं. घराघरांत शिरून माणसं मारली गेली.

तिथे आज जायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. एकट्या कुठल्या देशाने नव्हे, संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली. छावण्या आणि अन्नाचे रस्ते राखण्यापुरतं. मुक्काम किती, हे ठरवताना छावण्यांतल्या लोकांना विचारून. भारताने तुकडी देऊ केली तर तिच्यात माझ्या एखाद्या विद्यार्थ्याचं नाव असू शकतं, हे मला ठाऊक आहे. तरीही मी हेच म्हणेन, आणि त्याच्या आईसमोर बसून म्हणेन.