खांदा दुखत नाही, पिचिंग सुरू करू?

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी उजव्या खांद्याच्या लेब्रमची (सांध्याच्या कडेच्या कूर्चेची) दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. आता दुखत नाही. बेसबॉलचं पिचिंग सुरू करू का? – एक खेळाडू, कराड

उत्तर : इतक्यात नको. हात डोक्यामागे जातो तेव्हा शिवलेल्या जागेवर मोठा ताण येतो. २०२१ मध्ये पुण्यात खांदा जखमी झालेला क्रिकेटपटू श्रेयस अय्यर एप्रिलमधल्या शस्त्रक्रियेनंतर सप्टेंबरमध्ये खेळला. पण तो डावा खांदा होता, फेकीचा नव्हे. तुमचा फेकीचाच आहे. सर्जनची परवानगी घ्या, दोन्ही खांद्यांची ताकद तपासून घ्या. मग १०-१५ मीटरवर, एक दिवसाआड हलकी फेक करा. दुसऱ्या दिवशी ठणकलं, तर एक टप्पा मागे या. पूर्ण वेगाच्या पिचिंगला साधारण ९ ते १२ महिने लागतात. तेवढा धीर धराच.