मानोऱ्यातून समुद्राच्या तळाकडे

मुलगी बारावी सायन्सला आहे आणि म्हणते, समुद्राचा अभ्यास करायचाय. मानोरा तालुक्यातल्या आईवडिलांना धडकी भरणारच. समुद्र लांब आणि शिक्षणाचा खर्च कापूस-सोयाबीनच्या पैशातून. तेव्हा आधी हे काम नेमकं काय असतं ते पाहू.

उदाहरण म्हणून समुद्री गवताचा अभ्यास घेऊ. समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे. उथळ खाऱ्या पाण्यात तळाशी उगवणारी, मुळं, पानं, फुलं असलेली ही वनस्पती आहे. माशांची पिल्लं तिच्या आसऱ्याने वाढतात, डुगाँग हा सस्तन प्राणी तर मुख्यतः तिच्यावरच जगतो. त्याच्यासाठी तमिळनाडूने २०२२ साली पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र जाहीर केलं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या डॉ. टी. जी. जगताप आणि डॉ. ए. जी. उंटवले यांनी मांडवीच्या खाडीतल्या अशाच गवतावरचा अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध केला होता.

ओडिशाच्या चिलिका सरोवरासारख्या ठिकाणी हे गवत कुठे आहे, वाढतंय की घटतंय, हे विमान, ड्रोन किंवा उपग्रहाच्या छायाचित्रांवरून ठरवता येतं. छायाचित्रासाठी ओहोटी हवी, वारा पडलेला हवा, पाणी नितळ हवं. सूर्य माथ्यावर असला की पाणी चकाकतं आणि तळ दिसत नाही, म्हणून सकाळचं तिरपं ऊन बरं. पिकांच्या नकाशात उपयोगी पडणारे अवरक्त किरण पाणी शोषून घेतं, त्यामुळे इथे भिस्त निळ्या-हिरव्या प्रकाशावर. एवढं करूनही पडद्यावर दिसणारा काळपट डाग गवताचा असेल, शेवाळाचा, खडकाचा किंवा नुसत्या खोल पाण्याचाही. मग होडीतून त्या जागी जायचं, जीपीएसवर नोंद घ्यायची, चौकट तळाशी ठेवून तिच्यात गवत किती टक्के ते पाहायचं. पीक विम्यासाठी शेतात पीक कापणी प्रयोग करतात ना, अगदी तसंच. माझ्या मते खरं कौशल्य या पडताळणीतच आहे, आणि शेतात वाढलेल्या मुलांना ते लवकर जमतं.

पालकांसाठी महत्त्वाची गोष्ट अशी की छायाचित्रांवरून नकाशे करण्याचं हे शिक्षण समुद्रापुरतं नसतं. पिकं, पाणलोट, जंगल यांचे नकाशे याच पद्धतीने होतात. नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र हेच काम करतं. वनस्पतिशास्त्र, भूगोल किंवा भूशास्त्र घेऊन पदवी, मग पुण्यात जिओइन्फर्मेटिक्समध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशाशास्त्रात, एम.एस्सी., असा रस्ता आहे. अभियांत्रिकीवाल्यांसाठी गेट परीक्षेत जिओमॅटिक्सचा स्वतंत्र पेपर आहे. ड्रोन चालवण्याचं प्रमाणपत्र दहावी उत्तीर्ण आणि अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांना घेता येतं, पण नुसतं ड्रोन उडवता येणं म्हणजे करिअर नव्हे.

एक कटू गोष्टही सांगायलाच हवी. संशोधन संस्थांतल्या सुरुवातीच्या जागा बहुधा प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात. कायम नोकरीला वेळ लागतो. घरची ओढाताण असेल तर मुलांनी नकाशाकामाचं सॉफ्टवेअर आणि थोडं प्रोग्रॅमिंग पदवीतच पक्कं करावं. खासगी कंपन्यांत त्याच्यावर काम मिळू शकतं.

कुठल्याही क्लासला मोठी फी भरण्याआधी देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम मुलीला करू द्या. क्यूजीआयएस हे नकाशाकामाचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. त्यावर आपल्या तालुक्यातल्या एखाद्या तलावाचा नकाशा तिने स्वतः करून, काठावर जाऊन पडताळून पाहिला आणि तरीही तिची हौस टिकली, तर तिला अडवू नका.