कपाट घासायला देण्याआधी

अगं, जरा थांब. आजेसासूबाईंचं ते शिसवी कपाट सुताराच्या ताब्यात देण्याआधी माझं ऐक. "ताई, मशीन मारून नवंकोरं करून देतो," असं तो म्हणणारच, त्याला तेच सोपं. पण इतक्या वर्षांच्या उजेडाने, हातांनी चढलेला रंग एका दुपारी भुशात जातो आणि तो कुठल्याही डब्यात विकत मिळत नाही.

आधी नुसतं बघ. खण बाहेर काढून उलटा कर. कोपऱ्यात फळ्या एकमेकींत दातांसारख्या गुंतवलेल्या असतील; दात थोडे कमीजास्त असतील तर ते हाताचं काम. बारीक भोकं दिसली तर खाली कागद अंथरून काही दिवस वाट बघ. ताजी भुकटी पडली तर आत कीड आहे. आधी तिचा बंदोबस्त, पॉलिशचं नंतर.

पॉलिश कोणतं ते ओळखणं सोपं आहे. नजरेआडच्या जागी स्पिरिटचा बोळा मिनिटभर टेकव. जागा चिकट झाली, बोळ्याला तपकिरी रंग लागला, की समज ते लाखेचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश. नशीब काढलंस! कुसुम, पळस, बोर यांच्या फांद्यांवर किडे ही लाख करतात. ती स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे नवा थर जुन्यात मिसळतो, खरवडावं लागत नाही. ओलसर फडक्याने मळ काढायचा, पूर्ण वाळू द्यायचं, मग मलमलीत कापूस गुंडाळून पातळ हात फिरवायचे. हे भर पावसात मात्र नको. दमट हवेत थर पांढुरका पडतो. मेलामाइन चकचकीत दिसतं खरं, पण असल्या लाकडावर मला ते प्लास्टिकच वाटतं.

मागच्या बाजूला कुणी ऑइलपेंट फासलाय म्हणालीस ना? तो कोरडा घासू नकोस, घरात लहान मूल आहे. रंगातल्या शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरात आली. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. आणि जवसाचं तेल वापरलंस तर फडकी चुरगाळून टाकू नकोस, ती आपोआप पेट घेतात. बाहेर मोकळी पसरून वाळव.

पितळी कड्या बदलू नकोस. सोडवून घे, चिंचेने घास, धुऊन कोरड्या कर आणि त्याच परत लाव.