रातांब्याचे झाड

कँटीनमधली सोलकढी आपण एका दमात संपवतो, पण ती ज्या झाडापासून येते ते झाड किती जणांनी पाहिलंय? आंबा-काजूच्या गर्दीत मागे पडलेल्या कोकमाची ही थोडक्यात ओळख.

शास्त्रीय नाव: गार्सिनिया इंडिका. मँगोस्टीन हे याच प्रजातीतलं भावंड.

अधिवास: पश्चिम घाट आणि कोकणपट्टी. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, उत्तर कन्नड या भागांत नदी-ओढ्याकाठी, डोंगर उतारावर आणि घरामागच्या परसात हे झाड दिसते. भरपूर पाऊस, दमट हवा आणि निचऱ्याची जमीन त्याला मानवते.

रचना: सदाहरित, १० ते १५ मीटर उंच, फांद्या खाली झुकलेल्या, आकार शंकूसारखा. कोवळी पालवी तांबूस, जून पानं गडद हिरवी. थंडीत फुलं येतात, एप्रिल-मेमध्ये फळं पिकतात. पिकलेला रातांबा लालभडक ते जांभळा. आत आंबटगोड गरात ५ ते ८ बिया असतात.

खरी गोम: कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी लावलं तर साधारण निम्मी रोपं नर निघतात आणि हे कळायला सात-आठ वर्षं जातात! म्हणजे शेतकऱ्याने एवढी वर्षं पाणी घालायचं आणि शेवटी फळच नाही. उपाय म्हणजे मादी झाडाच्या काडीचं कलम. पण काडी सरळ वर वाढणाऱ्या फांदीचीच हवी. आडव्या फांदीची घेतली तर कलमही आडवंच पसरतं. परागीभवनासाठी बागेत थोडी नर झाडं मात्र ठेवावी लागतात.

उपयोग: साल मीठ घातलेल्या रसात भिजवून पुन्हा पुन्हा उन्हात वाळवली की आमसूल तयार. खारवलेला रस म्हणजे आगळ. बियांपासून घट्ट कोकमतेल निघते; भेगाळलेल्या टाचांना ते लावतात.

अडचण एकच. फळं पिकतात आणि वाळवायला ऊन हवं, तोवर मान्सून दारात! उशिरा पिकणारी फळं पावसात झाडाखालीच कुजतात. लवकर पिकणाऱ्या जाती लावणं हा एक मार्ग. दुसरा आपल्या हातातला. गावातल्या बचत गटाला परवडेल आणि ढगाळ हवेतही चालेल असा छोटा ड्रायर. मेकॅनिकलच्या मंडळींनो, फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधताय ना?