सासूबाईंना कळेल का?

प्रश्न : मी धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेते. तिथं बोललेलं घरी कळेल का?
– एक वाचक, हुबळी

उत्तर : ताई, निर्धास्त बोला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 23 नुसार डॉक्टर, समुपदेशक सगळ्यांवर गुप्ततेचं बंधन आहे. सासूबाईंनी काळजीपोटी फोन करून विचारलं, तरी तुमचं बोलणं त्यांना सांगता येत नाही. जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल तर अपवाद. तेव्हाही गरजेपुरतीच माहिती.

एक मात्र आवर्जून करा. उपचारासाठी तुमच्या प्रतिनिधीला माहिती देता येते. तुम्ही कुणाला नेमलं नसेल, तर कलम 14 प्रमाणे नातेवाइकाला तो मान मिळतो, आणि नातेवाईक म्हणजे सासरचेही. म्हणून साध्या कागदावर विश्वासातल्या माणसाचं नाव लिहा, सही करा आणि तो डॉक्टरांकडे द्या.